चवथीत गेलेली सायकल: फोंड्यातल्या एका दाव्याचा आणि एका हप्त्याचा हिशेब

फोंड्यात सर्वसाधारण विम्याचं काम करताना मला वीस वर्षं होऊन गेली. त्यातली बहुतेक गाड्यांची, दुकानांची आणि आरोग्याची. सायकलच्या विम्यासाठी माझ्याकडे आलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो. ज्यांचं आहे त्यांची परवानगी आहे, नाव मात्र देत नाही. ते हायस्कूलमध्ये गणित शिकवतात, म्हणून मास्तर म्हणू.

मास्तरांनी मार्च २०२३ मध्ये ५२,००० रुपयांची सायकल घेतली. आठवड्यातून तीन दिवस पहाटे फोंडा ते जुने गोवे, तिथून रायबंदरच्या कॉजवेवरून पणजी आणि परत. रविवारी कधी फेरीबोटीतून दिवाडीला, नाहीतर चोडणला. रात्री सायकल घराच्या बलकांवात. ज्यांनी आमच्याकडची जुनी घरं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी: दारापुढचा, दोन बाजूंना बसायला सोपे, म्हणजे बांधीव बाक, असलेला उघडा ओटा. वर छप्पर, पण पुढे ना दार ना जाळी. एका सोप्याच्या लोखंडी कठड्याला मास्तर सायकल केबल लॉकने बांधत. तीनशे रुपयांचं लॉक, नखाएवढ्या जाडीची तार, त्यावर रंगीत प्लास्टिक. तार कापायची साधी पकड असली की काम भागतं. त्या पकडीने लॉक कापायला किती वेळ लागतो हे मी नंतर माझ्या गॅरेजमध्ये स्वतः करून पाहिलं. घड्याळ लावायचीही गरज पडली नाही.

२०२५ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी मास्तर कुटुंबासह सत्तरीतल्या मूळ घरी गेले. पाच दिवसांचा गणपती, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) बांधायची, सगळे भाऊ एकत्र. २९ तारखेला शेजारच्या काकींचा फोन आला, ‘बलकांवात सायकल दिसत नाही रे, तुझ्या झिलाने नेली काय?’ मास्तरांना वाटलं मुलाने निघताना आत ठेवली असेल. मुलाला वाटलं बाबांनी ठेवली असेल. घरात आरती चाललेली, विषय तिथेच राहिला. ३१ ला संध्याकाळी परतले तेव्हा कठड्याला कापलेल्या तारेचा दीड वीत तुकडा लोंबत होता. घराचं कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत.

त्याच रात्री ते पोलीस ठाण्यात गेले, ते बरं केलं. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली, म्हणजे साध्या चोरीचा नोंदला गेला. राहत्या घरातल्या चोरीसाठी ३०५ हे वेगळं, जास्त शिक्षेचं कलम आहे आणि मास्तरांचा आग्रह त्याचाच होता, कारण बलकांव घराचाच भाग. मी त्यांना म्हटलं, त्या वादात पडू नका, विमा कंपनी पोलिसांचं कलम वाचत नाही, स्वतःच्या पॉलिसीतलं वाक्य वाचते.

ठाण्यात खरी अडचण वेगळीच आली. फ्रेम नंबर सांगा म्हणाले. बिलावर दुकानदाराने ‘एम टी बी, काळी, एक नग’ एवढंच लिहिलेलं. सायकलला आर सी बुक नाही, नंबरप्लेट नाही, आरटीओत नोंद नाही. ती तुमचीच, हे सांगणारा एकच आकडा असतो, पॅडलच्या आसाखाली फ्रेमवर ठोकलेला. तो कुणी कधी वाचत नाही. मास्तरांच्या सुदैवाने सर्व्हिसिंगवाल्या पोराने एकदा सायकल उलटी टांगून मोबाईलवर फोटो काढला होता, बेअरिंग किती खराब झालंय ते दाखवायला. त्या फोटोच्या कोपऱ्यात चिखलाखाली आकडे होते. दोन अंक अस्पष्ट, बाकीचे लागले. सायकल शेवटी सापडली नाही, पण दाव्याच्या कागदात तो फोटो जोडता आला.

आता विमा. मास्तरांचं घर कर्जावर आहे आणि कर्जाबरोबर घराचा विमा आला होता. देणाऱ्या माणसाने ‘सामानालाही कव्हर आहे सर’ असं सांगितलेलं. ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. मास्तरांची इमारत ३० लाखांची, म्हणजे सामान ६ लाखांचं. त्यात ५२,००० ची सायकल सहज बसते असं कुणालाही वाटेल.

पण संरक्षण कशापासून? आग, वीज, वादळ, पूर, दरड, दंगल अशा गोष्टींपासून. चोरीचा उल्लेख आहे, पण तो असा की अशी एखादी आपत्ती घडली आणि तिच्यामुळे, तिच्यापासून सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. म्हणजे पुरात भिंत पडली आणि त्या भगदाडातून कुणी सायकल नेली तर पैसे मिळतील. चवथीला तुम्ही गावी गेलात आणि कुणी सायकल नेली तर नाही. घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्या माझ्या दहा गिऱ्हाइकांना विचारलं तर नऊ जणांना हे वाक्य माहीत नसतं. दहावा ते वाचून मला फोन करतो आणि माझ्यावर चिडतो.

मास्तरांच्या पॉलिसीला घरफोडीचं एक जादा कलम जोडलेलं होतं. त्यामुळे मला थोडी आशा होती. दावा ४ सप्टेंबरला ईमेलने टाकला. २६ ला नकाराचं पत्र आलं, तीन कारणांचं. एक, मूळ पॉलिसीत साधी चोरी नाही. दोन, घरफोडीच्या कलमाला घरात बळजबरीने शिरल्याची किंवा बळजबरीने बाहेर पडल्याची खूण लागते, इथे ती नाही. तीन, कंपनीला उशिरा कळवलं.

मास्तर गणिताचे असल्यामुळे त्यांनी तिन्ही कारणं खोडायला घेतली. ‘भाऊ, तार कापली ही बळजबरी नव्हे का?’ प्रश्न चांगला आहे. तार कापायला बळ लागलं, पण ते वस्तूवर लागलं, घरात शिरायला नाही. उघड्या ओट्यावर चढायला बळ लागत नाही, तिथे तर पहाटे पाववाला पोदेरसुद्धा पावांची पिशवी अडकवून जातो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने घरफोडीच्या विम्याच्या एका दाव्यात सांगितलं होतं की पॉलिसीत ‘बळजबरी’ हा शब्द असेल तर तो तसाच वाचायचा, नुसत्या चोरीला घरफोडी म्हणता येणार नाही. त्यामुळे दुसरं कारण टिकतं. पहिलं तर टिकतंच.

तिसरं मात्र टिकत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, वाहनचोरीच्या प्रकरणात, पोलिसांकडे तक्रार ताबडतोब गेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येणार नाही असा निकाल दिला आहे. तो मोटार विम्यातला, पण त्यातलं तर्कशास्त्र इथेही लावून धरता आलं असतं. मास्तरांनी लगेच विचारलं, मग लोकपालाकडे जाऊया? विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जायला फी नाही, वकील लागत नाही, गोव्याचं काम पुण्याच्या कार्यालयात चालतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर वर्षभरात लोकपालाकडे. सगळं खरं. पण तीनपैकी एक कारण पाडून उपयोग काय? दोन पाय शाबूत असलेलं स्टूल नसेल उभं राहत, पण दोन कारणं शाबूत असलेलं नकारपत्र उभं राहतं. मी त्यांना जाऊ नका म्हणालो. ते गेले नाहीत, पण महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

दुसरी सायकल त्यांनी लगेच घेतली नाही, आणि ते शहाणपण वहिनींचं. हेरलेली सायकल ऑगस्टमध्ये ६८,००० ला होती, त्यात १२ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबरपासून सायकलवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला आणि तीच सायकल ६३,७५० ला मिळाली. सव्वाचार हजार वाचले. त्याच दिवशी वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून मास्तरांनी गृहीत धरलं की सायकलच्या विम्यावरही नसेल. तिथे तो १८ टक्केच आहे.

आणि मग ते माझ्या टेबलासमोर बसले. ‘आता सांगा. विमा काढायचा की नाही, आणि काढायचा तर कुठला.’

सायकलला विमा सक्तीचा नाही हे आधी सांगून टाकलं. सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ची, आणि सायकल मोटार वाहन नाही. (मास्तरांच्या शेजाऱ्याची विजेवरची सायकलही त्यात येत नाही, कारण तिची मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. पण त्याने कुणाकडून तरी वेगाची मर्यादा काढून घेतली आहे. आता ती कायद्याने नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं मोटार वाहन आहे. त्याला हे सांगून झालं, तो हसतो.)

मास्तरांपुढे रस्ते साधारण असे होते. घराच्या पॉलिसीतलं घरफोडीचं कलम आहेच, सायकल घराच्या आत कुलपात ठेवली तर ते लागू. दुसरा, जुन्या पद्धतीची गृहस्थ पॉलिसी, जिच्यात सायकलसाठी स्वतंत्र विभाग असतो. त्यात आग, चोरी, अपघाती मोडतोड आणि दुसऱ्याला इजा झाल्यास दहा हजारांपर्यंतची जबाबदारी येते. शर्यत आणि भाड्याने देणं वगळलेलं. नुसता दिवा किंवा पंप चोरीला गेला तर काही नाही, सायकलबरोबर गेला तरच. तिसरा, फक्त सायकलची वेगळी पॉलिसी, तिच्यातही दुसऱ्याच्या इजेची तेवढीच जबाबदारी. चौथा, विमाच नको, तेवढे पैसे दरवर्षी पोस्टात टाका.

तिसऱ्याचा आलेला भाव: विमा रक्कम ६३,७५०, हप्ता २,५०० आणि जीएसटी ४५०, एकूण २,९५०. प्रत्येक दाव्यात दहा टक्के स्वतःचा वाटा. दुसऱ्या वर्षापासून २० टक्के घसारा.

इथे मास्तरांनी खडू मागितला असता. माझ्याकडे पेन होतं. पहिल्या वर्षी सायकल गेली तर मिळणार ५७,३७५. त्याला २,९५० ने भागलं की साडेएकोणीसच्या आसपास येतं. म्हणजे एकोणीस वर्षांत एकदा किंवा त्याहून जास्त वेळा सायकल जाण्याचा संभव असेल तर हप्ता परवडतो, नाहीतर पोस्ट बरं. ‘माझा अनुभव अडीच वर्षांत एक चोरीचा आहे,’ मास्तर म्हणाले. मी म्हटलं, तो अनुभव सायकलचा नव्हे, बलकांवाचा आहे. सायकल आत आली की तो आकडा रद्द.

आणि पॉलिसीचा मजकूर पाहिला तर ती सायकल आत आणायलाच सांगत होती. घरी असेल तेव्हा कुलूपबंद जागेत. बाहेर असेल तेव्हा न हलणाऱ्या वस्तूला फ्रेमसकट बांधलेली. नुसतं चाक बांधलेलं चालत नाही, कारण चाक ठेवून फ्रेम नेता येते. म्हणजे दावा मिळण्यासाठी जे करायला हवं ते सगळं केलं तर चोरी होण्याचा संभव जवळपास संपतो. आमच्या धंद्याच्या दृष्टीने हे बोलू नये, पण मास्तरांना मी ते बोललो, आणि सल्ला दिला की यू आकाराचं जाड लॉक घ्या, सायकल हॉलमध्ये ठेवा, चोरीचा विमा घेऊ नका. घ्यायचाच असेल तर स्वतःचा अपघात विमा घ्या. त्रेपन्न वर्षांचा माणूस पहाटे अंधारात ट्रकांच्या रस्त्याने साठ किलोमीटर जातो आणि चिंता सायकलची करतो, हे मला पटत नव्हतं.

त्यांच्याकडे प्रधानमंत्री सुरक्षा विमा होता, वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जाणारा, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख. पण हसळीचं हाड मोडून सहा आठवडे घरी बसलं तर त्यात काही नाही, आणि सायकलवाल्याचं बहुधा तेच हाड मोडतं. मोटारीने धडक दिली तर मे २०२५ पासून केंद्राची दीड लाखांपर्यंत, सात दिवसांची रोकडरहित उपचार योजना आहे. कुत्रं आडवं आलं तर ती नाही. म्हणून दहा लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी, कामावर जाता न येण्याच्या आठवड्यांची भरपाई धरून. ती त्यांनी घेतली, सायकलच्या हप्त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत.

आणि माझं न ऐकता सायकलचीही घेतली. वहिनी म्हणाल्या, ‘आमचं एकदा गेलं, आता जीव टांगणीला नको.’ २,९५० रुपयांत रात्रीची झोप येत असेल तर त्या हिशेबात मी भागाकार घुसवणं बरोबर नव्हे. १० ऑक्टोबरला पॉलिसी सुरू झाली.

पॉलिसी घेताना मी एक गोष्ट करायला लावली. मास्तर वर्षातून एकदोनदा ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या आयोजित सायकलफेरीला, जातात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. त्या प्रकाराच्या नियमांतच लिहिलेलं आहे की ही शर्यत नाही, पहिला दुसरा नंबर नसतो. पण पॉलिसीत ‘शर्यत किंवा वेळ मोजून होणारा आयोजित कार्यक्रम’ वगळलेला. घड्याळ तर ब्रेव्हेतही असतं. कंपनीला ईमेलने सरळ विचारलं. तीन ईमेलनंतर उत्तर आलं: संरक्षण नाही. मिरामारला होणाऱ्या अर्ध्या आयर्नमॅन या पोहणं-सायकल-धावण्याच्या शर्यतीत रिलेत ९० किलोमीटर सायकल चालवायचं त्यांच्या मनात होतं, तिथे तर विचारायचीही गरज नव्हती. उत्तर नकाराचं आलं तरी ते लेखी आहे, आणि ब्रेव्हेच्या दिवशी मास्तरांना माहीत असतं की आज सायकल आपल्याच भरवशावर आहे.

फ्रेम नंबरचंही केलं. सायकल हॉलमध्ये उलटी ठेवली, दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि रॉकेलने तेवढा भाग साफ केला, कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. आकडे पांढरे उमटले. तो कागद, फोटो, आणि दुकानदाराकडून फ्रेम नंबर घालून पुन्हा लिहून घेतलेलं बिल, तिन्ही ईमेलने कंपनीकडे. पहिलं बिल दुकानदाराने पुन्हा नंबराशिवायच दिलं होतं.

एवढ्यावर प्रकरण संपलं असतं, पण जानेवारीत जे झालं त्याचा चोरीशी काही संबंध नव्हता.

सकाळी पावणेसातला रायबंदरच्या फेरी धक्क्याजवळ कुत्रं आडवं आलं. मास्तरांनी ब्रेक दाबला, सायकल घसरली आणि चोडणहून बोटीने उतरून भाजीची टोपली घेऊन चाललेल्या एका बाईंना लागली. मास्तरांच्या कोपराला खरचटलं. बाईंचं मनगट मोडलं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेलं, प्लास्टर झालं. टोपलीतली भाजी रस्त्यावर. बाई पणजीच्या बाजारात बसतात, हात प्लास्टरमध्ये म्हणजे महिनाभर धंदा बंद.

सायकलला नंबरप्लेट नाही म्हणून जबाबदारी नाही असं नव्हे. न्याय संहितेतलं बेदरकारपणे वाहन हाकण्याचं कलम २८१ वाचलं तर त्यात मोटार हा शब्दच नाही, सायकलवालाही त्यात येतो. आणि नुकसानभरपाई मागायला दिवाणी कोर्ट आहेच. बाई कोर्टात जाणाऱ्या नव्हत्या. मास्तर त्याच संध्याकाळी बोटीने चोडणला त्यांच्या घरी गेले, भाजीचे आणि पहिल्या पंधरवड्याचे मिळून ९,००० रुपये दिले. दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं, ‘भाऊ, पॉलिसीत दुसऱ्याच्या इजेचं होतं ना?’

होतं. पण पॉलिसीतली अट अशी की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदाराने चूक कबूल करायची नाही, काही देऊ करायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. तशी अट जवळपास प्रत्येक जबाबदारीच्या विम्यात असते आणि तिच्यामागे कारणही आहे, नाहीतर लोक कंपनीच्या पैशाने उदार होतील. कंपनी म्हणणार, आधी मागणी लेखी येऊ द्या, मग कायदेशीर जबाबदारी ठरू द्या. मास्तरांनी यातलं सगळं नेमकं उलट केलेलं. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. त्यांच्या जागी मीही बोट पकडली असती.

‘मग आता पुढचा पंधरवडा?’ ते म्हणाले. मी म्हटलं, बाईंकडून एक कागद आणा, किती दिवस धंदा बंद, किती नुकसान, आणि तो कंपनीला पाठवून संमती मागू. मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. ‘तिच्याकडून माझ्याविरुद्ध मागणी लिहून आणू? ती सही करताना घाबरेल. राहू दे.’ उरलेले पैसेही त्यांनी स्वतःच दिले. दावा झालाच नाही. आता रायबंदरला त्या दिसल्या की मास्तर थांबतात आणि मेथीच्या दोन जुड्या बॅगेत येतात, ज्यांचे पैसे बाई घेत नाहीत.

नूतनीकरण ऑक्टोबरात आहे. मी त्यांना सांगून ठेवलंय की चोरीचा भाग सोडा आणि जबाबदारीचं संरक्षण मोठ्या रकमेचं मिळतं का ते पाहू. दहा हजार ही रक्कम आजच्या काळात एका प्लास्टरची आहे. वहिनींचं मत अजून बदललेलं नाही. त्याआधी चवथ आहे, १४ सप्टेंबरला, आणि या वेळी मास्तर सायकल गाडीच्या मागच्या कॅरियरला लावून सत्तरीला न्यायची म्हणतात, गावच्या रस्त्यांवर सकाळी चालवायला. पॉलिसीत रात्री ठेवण्याची जागा म्हणून फोंड्याचा पत्ता लिहिलेला आहे. पाच रात्री दुसऱ्या घरी राहिली तर चालेल का, हे विचारणारा ईमेल काल मी त्यांच्याकडून पाठवून घेतला. उत्तर अजून आलेलं नाही.